मणके जोडल्यानंतरचा ताठरपणा : रोजच्या कामांत काय काय बदललं? (अनुभव धागा)

निशिगंध
फ्यूजन (मणके जोडायचं ऑपरेशन) करावं की नाही, खर्च किती, यावर आपलं बोलून झालंय. मला त्यापुढचं ऐकायचंय. स्क्रू, सळ्या आणि केज (दोन मणक्यांच्या मधे बसवायचा छोटा ठोकळा) घालून दोन मणके कायमचे जोडले की त्यांच्यामधली हालचाल थांबते. ऑपरेशनचा हेतूच तो. पण मग रोजच्या कुठल्या कामात ती हालचाल नसल्याचं जाणवतं?

हा ताठरपणा मोजायला अमेरिकेत तयार झालेली १० प्रश्नांची एक प्रश्नावली आहे. मोजे-बूट घालता येतात का, गाडीत बसता-उतरता येतं का, वाकून वस्तू उचलता येते का, शौचानंतरची स्वच्छता जमते का वगैरे. जमिनीवर पानावर बसून जेवता येतं का, हे त्यात कुणी विचारत नाही. ते आपण इथे विचारू.

माझं एल४-एल५, म्हणजे कमरेचा चौथा आणि पाचवा मणका. पायात उतरणारी कळ गेली, त्याबद्दल तक्रार नाहीच. पण सकाळी बेसिनवर वाकून चूळ भरताना एक हात ओट्यावर टेकवावा लागतो.

लिहिताना कुठले मणके ते आवर्जून सांगा. डॉक्टरांची आणि हॉस्पिटलची नावं नकोत.

सातारी_कंदी
एल४ ते एस१ (कमरेच्या मणक्यांखालच्या त्रिकास्थीचा पहिला मणका), म्हणजे दोन सांधे. साडी नेसते, निऱ्या उभ्यानेच होतात. पण खालून काठ सारखा करायला कुणीतरी लागतं. पूर्वी लेक करायची, आता नवरा करतो आणि दर वेळी एक बाजू वर ठेवतो.

सलवार घालायची ती पलंगाच्या कडेला बसून. उजवा पाय डाव्या गुडघ्यावर आडवा घ्यायचा, पाय सलवारीच्या मोरीत सरकवायचा, मग दुसरा. पायाची नखं याच बैठकीत, पण करंगळीचं नख दिसत नाही, अंदाजाने कापते. खाली पडलेलं पेनाचं टोपण उचलायचं तर टेबलाला धरून एक पाय मागे उचलते आणि खुब्यातून पुढे झुकते. फिजिओने शिकवलं तेव्हा हसू आलं होतं, आता बँकेतसुद्धा बिनदिक्कत करते.

विळी गेली माळ्यावर. दारातली रांगोळी सुनेकडे गेली. मी उभी राहून चुका काढते.

अनामिक
स्वच्छतेचा विषय निघालाच आहे तर नाव न देता लिहितो. माझं एल२ पासून थेट कटीच्या हाडापर्यंत आहे. उकिडवं बसणं बंद म्हणून घरी कमोड बसवला, इथपर्यंत सगळे सांगतात. पुढचं कुणी सांगत नाही. मागून हात नेऊन धुवायला कंबर थोडी वाकवावी आणि पिळावी लागते. ती पिळतच नाही. हॉस्पिटलमध्ये नर्सला विचारायची लाज वाटली. शेवटी जेटचा पाइप पुढून, दोन पायांमधून घेऊन जमवलं. गावी भावकीत लग्न असलं की मुक्कामाला नाही म्हणतो. लोकांना वाटतं मोठेपणा करतोय.

निशिगंध
अनामिक, लिहिलंत ते फार बरं केलंत.

धोपटमार्ग
त्या प्रश्नावलीत शरीरसंबंधांचाही प्रश्न आहे. धागाकर्तीने तो सोयीस्करपणे गाळलाय :) आमच्याकडे आधी दोघांनाही भीतीच जास्त होती, स्क्रू हलला तर! डॉक्टरांना सरळ विचारलं, त्यांनी सरळ सांगितलं. कुशीवर, घाई नाही. विषय संपला.

उभी_रेघ
माझं वेगळं प्रकरण आहे. स्कोलिओसिस, म्हणजे कणा बाजूला वाकलेला. शाळेत असताना छातीमागचे मणके जोडले, टी४ ते एल१. कण्याचा बाक निघाला आणि ऑपरेशनमधून उंची वाढून बाहेर आले. खालची कंबर मोकळी असल्यामुळे मी वाकते, मांडी घालते, जमिनीवर जेवते. मला जमत नाही ते पोक काढून बसणं. बीनबॅग, मित्रांकडचे खोलगट सोफे, स्लीपर बसमधली अर्धवट लोळण, सगळं नकोसं. स्कूटर मागे घेताना खांदे वळत नाहीत, म्हणून उतरून ढकलते. ऑफिसात "किती छान ताठ बसतेस" असं कौतुक होतं. पर्यायच नाही बाबांनो.

खिडकीची_सीट
मान. सी४ ते सी७. लोकांना वाटतं मान वळत नसेल. वळते, कारण मानेच्या वळण्यातला साधारण निम्मा भाग अगदी वरच्या दोन मणक्यांमध्ये असतो आणि ते माझे शाबूत आहेत. अडतं ते वर बघताना. तांब्यातून वरून धार धरून पाणी पिता येत नाही, शर्टवर सांडतं. सोवळ्यातल्या आजीकडे गेलो की पंचाईत, भांड्याला तोंड लावायची सोय नाही. दाढी करताना हनुवटीखालचा भाग चाचपून करतो. न्हाव्याला खुर्चीत बसायच्या आधी सांगतो, मालिश नको आणि मानेला हात नको.

गुडघे_मिटून (फिजिओथेरपिस्ट)
दोन गोष्टींची गल्लत होतेय. ऑपरेशननंतरचे पहिले काही महिने स्नायू आखडलेले असतात आणि डॉक्टरांनीही वाकण्या-पिळण्यावर बंधनं घातलेली असतात. हा ताठरपणा सैल होतो. हाड पक्कं जुळायला बहुधा ६ ते १२ महिने लागतात. जोडलेल्या सांध्याची हालचाल मात्र परत येत नाही, ती खुब्यांकडून उसनी घ्यायची. म्हणून मांड्यांच्या मागचे स्नायू लवचिक हवेत.

मांडीबद्दल : मांडी लागते खुब्यातून, तरी जमिनीवर बसलं की कटी मागे कलते आणि कंबर गोल होते. खालचे मणके जोडलेले असतील तर ती गोलाई येत नाही, मग माणूस मागे पडल्यासारखा बसतो. बुडाखाली जाड उशी किंवा उंच पाट घ्या, गुडघे खुब्यांच्या खाली आले पाहिजेत. अर्थात तुमच्या सर्जनने परवानगी दिल्यावरच. आणि जोर लावून वाकू नका, तो ताण शेजारच्या सांध्यावर जातो.

सातारी_कंदी
उशी करून पाहिली. वरण-भातापर्यंत टिकते, ताकाला उठते.

हडसनकाठी
न्यू जर्सी, एल५-एस१. डिशवॉशरचा खालचा कप्पा आणि बर्फातले बूट. बाकी ठीक.

टिळक_टाकी
माझा सूर वेगळा. एकच सांधा, एल४-एल५, मणका पुढे सरकला होता. ऑपरेशनच्या आधी दुखण्याच्या धाकाने मी कमरेत वाकतच नव्हतो. आता रिक्षात नीट शिरतो, गाडीत आधी बसून मग दोन्ही पाय एकत्र आत घेतो. मला विचाराल तर ताठरपणा कमी झालाय. लांबलचक फ्यूजनवाल्यांचे अनुभव वाचून एका सांध्यावाल्यांनी घाबरू नये.

नवी_पालवी
आईचं एल३ ते एस१ ठरलंय, पुढच्या महिन्यात. घरात आधीच काय करून ठेवू?

सातारी_कंदी
कमोडची सीट उंच करणारी रिंग, बाजूला धरायला दांडी. आंघोळीला न घसरणारं स्टूल, लांब दांड्याचा ब्रश. लांब शूहॉर्न आणि वस्तू उचलायचा चिमटा, दोन्ही ऑनलाइन मिळतात. ओट्याखालचे डाळ-तांदळाचे डबे कंबरेच्या उंचीवर आणा. पलंग बुटका असेल तर पायांखाली ठोकळे. आणि सिलिंडर ओट्याखाली असेल तर रेग्युलेटर रोज कोण बंद करणार ते आजच ठरवा. आई "करेन मी" म्हणेल, ऐकू नका.