'स्पार्टाकस' (1960): शेवट खोटा, तरी मला पटतो

नदीकाठ
काल तिसऱ्यांदा पाहिला. सव्वातीन तास, आणि लढायांपेक्षा मनात राहते ती एक लाकडी खोली. रोमनांच्या करमणुकीसाठी झुंजायला लावलेले दोन गुलाम, स्पार्टाकस आणि ड्राबा, समोरासमोर बसलेत. फटींतून बाहेरची झुंज दिसते, तलवारींचा खणखणाट येतो, पुढची पाळी आपली हे दोघांनाही ठाऊक. एक शब्द नाही. मग रिंगणात ड्राबा जिंकतो, पण स्पार्टाकसला मारत नाही. त्रिशूळ फेकतो तो वर बसलेल्या रोमन पाहुण्यांवर, आणि तिथेच त्याचा जीव जातो. गुलामांचं आख्खं बंड या एका नकारातून उगवतं. रोमचं वैभव पडद्यावर पुष्कळदा दिसतं; ते ज्यांच्या पाठीवर उभं होतं ती माणसं इतक्या जवळून क्वचितच.

जुनी बखर
ड्राबाबद्दल दुमत नाही. पण चित्रपटाच्या शेवटी नायक क्रुसावर? इ.स.पू. 71च्या शेवटच्या लढाईत तो लढता लढता पडला, प्रेतही सापडलं नाही, असं प्राचीन इतिहासकार ॲपियन लिहितो. कापुआ ते रोम रस्त्यावर क्रुसावर चढवले ते पकडलेले 6,000 बंडखोर. प्राचीन चरित्रकार प्लूटार्क सांगतो, लढाईआधी स्पार्टाकसने स्वतःचा घोडा मारला: जिंकलो तर शत्रूचे घोडे आहेतच, हरलो तर घोडा लागणारच नाही. असा प्रसंग हाताशी असून गाळला! व्हेसुव्हिअस डोंगरावर कोंडी झाली तेव्हा हे लोक रानवेलींच्या शिड्या करून कडा उतरले आणि रोमनांवर मागून तुटून पडले. तेही नाही. कॉन्सलांच्या, म्हणजे रोमच्या सर्वोच्च अधिकाऱ्यांच्या, फौजा त्याने हरवल्या, तेही पडद्यावर येत नाही. मग रोमला धडकी का भरली, हे कळणार कसं? तो सेनापती होता. चित्रपटाने त्याचा नुसता हुतात्मा केला.

सांजवारा
'मी स्पार्टाकस' म्हणत एकेक कैदी उभा राहतो, तो प्रसंग विसरलात? स्पार्टाकस कोण ते दाखवा, जीव वाचेल, असं सांगितलेलं असतं. पटकथा डाल्टन ट्रंबोची. 1947मध्ये कम्युनिस्ट हुडकणाऱ्या अमेरिकी चौकशी समितीला उत्तरं नाकारली म्हणून तो तुरुंगात गेला, हॉलिवूडच्या काळ्या यादीत पडला, वर्षानुवर्षं टोपणनावाने लिहीत राहिला. स्पार्टाकस साकारणाऱ्या कर्क डग्लसने त्याचं खरं नाव पडद्यावर दिलं. ते दृश्य त्याच्याइतकं कोण लिहू शकलं असतं?

जुनी बखर
मान्य, पण ती अमेरिकेची गोष्ट झाली. रोमच्या गुलामांची स्वतःची गोष्ट कमी थरारक नव्हती.

नदीकाठ
विजय गाळले ही उणीव खरीच. पण धडकी दिसते हो, शेवटच्या लढाईत. समोरच्या उतारावर दूरवर रोमन तुकड्यांचे चौकोन सरकतात, जुळतात, पुन्हा सरकतात. पहिला वार व्हायच्या आधी कितीतरी वेळ नुसतं तेच. त्यासाठी स्पेनच्या लष्कराचे हजारो खरे सैनिक उभे केले होते. माळावर वाट बघणाऱ्या बायकापोरांचे चेहरे पाहताना माझ्या पोटात गोळा येतो. घोड्याचा प्रसंग मात्र हवा होता. तिथे तुमचंच बरोबर.