कुरळे, भुरभुरे केस आणि मोजके पैसे: नक्की काय विकत घेऊ?

भुरभुर

माझे केस कुरळे आहेत हे मला एकतिसाव्या वर्षी कळलं. तोवर ते "राठ" आहेत, "ऐकत नाहीत" एवढंच ऐकत आले होते. रोज सकाळी कोरड्या केसांतून बारीक दातांचा कंगवा फिरवायचा, ते फुलून दुप्पट व्हायचे, मग ओला हात फिरवायचा आणि घट्ट बांधून टाकायचे. वर्षानुवर्षं हेच.

दोन वर्षांपूर्वी एका पार्लरमध्ये ते सरळ करून घेतले. सुरुवातीचे तीन महिने फार आवडले. मग मुळापासून कुरळे केस यायला लागले, खाली काडीसारखे सरळ, आणि दोन्ही जिथे मिळतात तिथे केस तुटायला लागले. तिथे तुटू शकतात, हे करायच्या आधी मला कुणीही सांगितलं नव्हतं. गेल्या महिन्यात खालचा सगळा सरळ भाग कापून टाकला. आता ओढले तर खांद्याला लागतात, सोडले की कानाशी येऊन बसतात.

अडचण अशी आहे की घरात सात बाटल्या उघड्या पडल्यात. दोन शाम्पू, एक मास्क, एक सीरम, एक कर्ल क्रीम, एक लीव्ह-इन (लावून न धुता ठेवायचा कंडिशनर), एक तेल. प्रत्येक कुणीतरी सुचवलं म्हणून आणलेली, आणि एकही संपलेली नाही. या वेळी तीनच वस्तू घेता येतील एवढे पैसे बाजूला काढलेत, ते पुन्हा वाया जायला नकोत.

म्हणून विचारते:
सल्फेट, म्हणजे तो जोरकस फेस करणारा घटक, नसलेला शाम्पूच घ्यायला हवा का? तो नेहमी महाग असतो.
केसांवर गुळगुळीत थर देणारं सिलिकोन खरंच इतकं वाईट असतं का?
केस पाण्याच्या पेल्यात टाकून त्याची पोरॉसिटी, म्हणजे तो किती पाणी शोषतो ते, बघायची असं वाचलं. एकदा तरंगला, एकदा बुडाला. आता काय समजू?
आणि हवेत दमटपणा असला की तासाभरात सगळे केस उभे राहतात, त्याला काही उपाय आहे का?

मागचं लेबल

भुरभुर, काही विकत घ्यायच्या आधी त्या सातही बाटल्या टेबलावर मांड आणि उलट्या फिरव. सगळं मागे लिहिलेलं असतं. मी गेली सहा वर्षं हेच करतेय आणि माझा केसांवरचा खर्च निम्म्याहून खाली आलाय, त्यामुळे थोडं सविस्तर लिहिते.

घटकांची यादी जास्त प्रमाणाकडून कमी प्रमाणाकडे जाते. १ टक्क्याच्या खालचे घटक मात्र कंपनी कुठल्याही क्रमाने लिहू शकते. आता यादीत फिनॉक्सीइथेनॉल शोध. हे टिकाऊपणासाठी घालतात आणि युरोपच्या नियमांनुसार ते जास्तीत जास्त १ टक्का घालता येतं. म्हणजे यादीत त्याच्यानंतर जे जे येतं ते साधारण १ टक्का किंवा त्याहून कमी. मी एकदा आर्गन तेलाचा मास्क घेतला होता. बाटलीवर सोनेरी अक्षरं, थेंबाचं चित्र. मागे पाहिलं तर आर्गन तेल फिनॉक्सीइथेनॉल आणि सुगंध या दोघांच्याही नंतर. शेजारी माझा साधा, मोठ्या बाटलीतला कंडिशनर ठेवला. दोन्हींची पहिली चार नावं तीच: पाणी, सेटिअरिल अल्कोहोल, बिहेनट्रायमोनियम क्लोराइड, सेटिल अल्कोहोल. त्या दिवसापासून मी मास्क घेतलेला नाही. तोच कंडिशनर दहा मिनिटं जास्त ठेवते.

आता तुझ्या तीन वस्तू. मी तुझ्या जागी असते तर सगळ्यात मोठी बाटली कंडिशनरची घेतली असती, दुसरी वस्तू जेल, आणि शाम्पू घरातलाच वापरला असता.

कंडिशनर का? सरळ केसावरून डोक्याचं तेल टोकापर्यंत ओघळतं. कुरळ्या केसावर ते प्रत्येक वळणावर अडतं, म्हणून मुळं तेलकट आणि टोकं कोरडी. शिवाय वळणांवर बाहेरच्या खवल्या जरा उचललेल्या राहतात आणि केसाला केस घासतो. झिजलेल्या जागी केसावर ऋण भार असतो आणि कंडिशनरमधले बिहेनट्रायमोनियम किंवा सेट्रिमोनियम हे घटक धन भाराचे. म्हणून ते नेमके तिथेच जाऊन चिकटतात आणि धुतल्यावरही थोडे मागे राहतात. हे काम साधा कंडिशनरही करतो, आणि हात आखडता न घेता वापरता येईल असाच तो हवा. महाग आणला की आपण नाण्याएवढा घेतो आणि अर्धं डोकं कोरडंच राहतं.

नावांना घाबरू नकोस. सेटिल, सेटिअरिल, स्टिअरिल ही "अल्कोहोल" मेणासारखी मऊ असतात, केस कोरडे करत नाहीत. सुकवणारं म्हणजे अल्कोहोल डिनॅट, ते जेल किंवा स्प्रेच्या यादीत दुसऱ्या-तिसऱ्या जागी दिसलं तर सोड. आणि बिहेनट्रायमोनियम मेथोसल्फेट हा सल्फेट वाचून बायका बाटली परत ठेवतात, ते बघून मला खरंच वाईट वाटतं. तो फेस करणारा नाही, गुंता सोडवणारा आहे.

शाम्पूचं असं, की "सल्फेट-फ्री" लिहिलेल्या काही शाम्पूंत सोडियम सी१४-१६ ओलेफिन सल्फोनेट असतं आणि तेही चांगलंच जोरकस असतं. उलट सोडियम लॉरेथ सल्फेट या नेहमीच्या सल्फेटबरोबर कोकामिडोप्रोपिल बीटेन हा सौम्य घटक असेल तर तो शाम्पू बराच सौम्य होतो. तेवढ्यासाठी जास्तीचे पैसे घालू नकोस. शाम्पू फक्त मुळांना लाव, फेस ओघळतो तेवढ्याने टोकं साफ होतात.

सिलिकोन विष नाही. डायमेथिकोन हे नेहमी दिसणारं सिलिकोन केस गुळगुळीत ठेवतं, घर्षण कमी करतं. तक्रार एवढीच की नुसत्या अगदी सौम्य धुण्याने त्याचा थर हळूहळू साचतो. तुझा शाम्पू नेहमीचा असेल तर तो प्रश्नच येत नाही.

आणि जेल! कुरळ्या केसांच्या बायका तीन-तीन क्रीम घेतात आणि जेल टाळतात, कारण कडक होतं म्हणून. ते कडकच व्हायला हवं. केस ओला झाला की त्यातले हायड्रोजन बंध सुटतात आणि सुकताना केस ज्या आकारात असेल त्या आकारात पुन्हा जुळतात. त्या वेळात बटांना धरून ठेवणारं काहीतरी लागतं. जेलचं पातळ कवच ते काम करतं. पूर्ण सुकेपर्यंत हात लावायचा नाही, मग मुठीत घेऊन चुरगाळायचं, कवच मोडतं आणि आत मऊ बट राहते. दमट हवेत केस उभे राहतात ते हवेतलं पाणी केसात शिरून हेच बंध पुन्हा विस्कटतात म्हणून. जेल घेताना ग्लिसरीन यादीत फार वर नाही ना ते बघ, ते हवेतलं पाणी ओढतं.

पेल्याचा प्रयोग विसरून जा. केसावर तेलाचा अंश असला, हवेचा बुडबुडा चिकटला, तरी तो तरंगतो. रंगवलेला किंवा रसायनाने सरळ केलेला केस जास्त सच्छिद्र असतो हे नक्की, आणि तो भाग तू कापून टाकलायस.

चिमणीचा बाबा

वरच्या ताईंचा प्रतिसाद जपून ठेवलाय. मी फक्त हाताच्या कामाबद्दल लिहितो, कारण आमच्याकडे फरक तिथेच पडला.

मुलगी आठ वर्षांची आहे. तिचे कुरळे केस माझ्या आजीवर गेलेत, आणि मला स्वतःला सरळ केस, त्यामुळे मला काहीच येत नव्हतं. दर रविवारी ती न्हाणीघराच्या दाराशी उभी राहून रडायची. मी कोरड्या केसांत वरून कंगवा घालायचो, गाठ खाली ढकलायचो आणि शेवटी सगळ्या गाठी मानेजवळ एकत्र व्हायच्या. एकदा तिने कात्री आणून दिली मला. त्या रात्री मला झोप लागली नाही.

आता केस चार भागांत क्लिपा लावून वेगळे करतो. केस पाण्याने चिंब, कंडिशनर इतका की बट हातातून निसटेल. आधी बोटांनी, मग मोठ्या दातांचा कंगवा, आणि सुरुवात टोकापासून. दोन बोटं वर, पुन्हा खाली. गाठ लागली की तिच्यावरची बट मुठीत घट्ट धरतो म्हणजे ओढ डोक्यापर्यंत जात नाही. पंचवीस मिनिटं लागतात. ती तोवर गोष्ट सांगते, मी ऐकतो.

टॉवेल बंद केला, जुना सुती टी-शर्ट वापरतो. चोळायचं नाही, खालून वर दाबायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी स्प्रेच्या बाटलीत पाणी आणि थोडा कंडिशनर मिसळून मारतो. मात्र हे मिश्रण रोज ताजं करा. पाणी मिसळलं की कंडिशनरमधला टिकवणारा घटक पातळ होतो आणि ठेवलं तर त्यात जंतू वाढू शकतात.

सावकाश

एक इशारा द्यायला लिहिते. मी "शाम्पू पूर्ण बंद, फक्त कंडिशनरने केस धुवा" हे चार महिने मनापासून पाळलं. केस सुंदर झाले होते. डोक्याची त्वचा मात्र लाल, खाज, कपाळाच्या कडेला पिवळट खपल्या. मी त्याला कोरडेपणा समजून वरून तेल चोळत होते. त्वचेच्या डॉक्टरांनी सांगितलं, सेबोऱ्हिक डर्मटायटिस. मॅलॅसेझिया नावाची बुरशी प्रत्येकाच्या डोक्यावर असते आणि ती तिथल्या तेलावरच जगते. माझं तेल तिला खाऊ घालणं होतं.

कीटोकोनाझोल या बुरशीवरच्या औषधाचा शाम्पू दिला, लावून काही मिनिटं तसाच ठेवून मग धुवायचा. तो केस राठ करतो, पण टोकांना आधी कंडिशनर लावून ठेवला तर निभतं. भुरभुर, तुम्हाला खाज किंवा खपल्या असतील तर तुमच्या तीन वस्तूंतली एक त्वचेसाठी राखून ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा. केसांचा आकार नंतर बघता येतो.

भुरभुर

किती मनापासून लिहिलंय सगळ्यांनी. खाज, खपल्या नाहीत. पण मग तेल लावायचंच नाही का? एक बाटली अर्धी भरलेली आहे, खोबरेल.

मागचं लेबल

खोबरेल टाकू नकोस गं. त्यातलं लॉरिक आम्ल लहान आणि सरळ रेणूचं असल्यामुळे ते केसाच्या आत शिरतं, मिनरल ऑइल तसं शिरत नाही, वरच राहतं. आत गेलेलं तेल धुताना केसाला कमी फुगू देतं आणि प्रथिनांची झीज कमी होते. म्हणून ते धुण्याच्या आधी, टोकांना, थोडंसं. त्याने केसाला ओलावा मिळतो हा मात्र गैरसमज आहे, तेलात पाणी नसतं. सीरम जेलच्या आधी लावू नकोस, जेल सुकून कवच मोडल्यावर एक थेंब तळहातावर पसरून लाव. तीही बाटली संपेल.

भुरभुर

पाच आठवड्यांनी परत आलेय.

दोनच वस्तू घेतल्या: मोठा कंडिशनर आणि जेल. तिसरीचे पैसे तसेच आहेत. बाटल्या उलट्या करून पाहिल्या तर लीव्ह-इन आणि कर्ल क्रीमच्या याद्या जवळपास सारख्याच निघाल्या, म्हणून आधी एक संपवतेय. मास्क संपला, तोही साधा कंडिशनर म्हणून.

पहिल्यांदा जेल फसलं. केस टी-शर्टने पुसून मग लावलं, तर बटांवर पांढरे कण आले आणि फुलायचे ते फुललेच. दुसऱ्यांदा नळ बंद केल्या केल्या, पाणी गळत असताना, मान खाली घालून लावलं. मुठीत केस दाबले की पच् पच् आवाज येत होता आणि पाणी कोपरापर्यंत ओघळत होतं. मग अडीच तास हात लावला नाही, हे सगळ्यात अवघड. सुकल्यावर केस वाळलेल्या पानासारखे कडक, मला रडू यायचं बाकी होतं. चुरगाळले. उजव्या कानामागे एक बट सुटून आली, पेन्सिलीभोवती गुंडाळल्यासारखी, अगदी गोल. असं काही माझ्या डोक्यावर आहे हे मला माहीतच नव्हतं. आरशासमोर ती ओढून सोडून बघत किती वेळ उभी होते.

दमट दिवशी अजूनही वरचा थर फुलतो, पण संध्याकाळी. सकाळी नाही.

दोन गोष्टी विचारायच्या राहिल्या. नळाच्या तोंडाशी पांढरा थर जमतो, म्हणजे पाणी जड असणार. त्याचं काही करायचं का? आणि मानेवरचे केस अजूनही नुसते लाटेसारखे आहेत, कुरळे होत नाहीत.

मागचं लेबल

ती कानामागची बट वाचून फार आनंद झाला.

जड पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम केसांवर बसतं, केस निस्तेज आणि खरखरीत लागतात. तिसऱ्या वस्तूचे पैसे तिथे घाल: चिलेटिंग, म्हणजे हे क्षार पकडून काढणारा शाम्पू, लेबलवर जड पाण्यासाठी असं लिहिलेला आणि यादीत ईडीटीए (EDTA, क्षार पकडणारा घटक) असलेला. महिन्यातून एकदा पुरे, एक बाटली खूप दिवस जाते. त्या दिवशी कंडिशनर नेहमीपेक्षा जास्त वेळ ठेव.

मानेवरच्या केसांची काळजी करू नकोस. एका डोक्यावर दोन-तीन प्रकारचे केस असणं नेहमीचं आहे, आणि तिथले उशीला आणि कॉलरला सतत घासतात. रात्री केस डोक्याच्या वर सैल गोळा करून झोप, उशीला सॅटिनचा अभ्रा घाल. आणि सरळ केलेल्या भागाचे काही तुकडे तिथे अजून शिल्लक नाहीत ना, ते एकेक बट ओली करून बघ. खालचा थर कापताना नेहमी सुटतो.

भुरभुर

आत्ताच ओल्या करून पाहिल्या. चार बटांची शेवटची तीन बोटं सरळ आहेत. कात्री घेऊन येते.