मदत हवी आहे : सोव्हिन्यों ब्लांकचा आंबटपणा टिकवायचा कसा?

मंडळी, जालन्याकडे फेब्रुवारीअखेर सोव्हिन्यों ब्लांक (पांढऱ्या वाइनचं द्राक्ष) २२ ब्रिक्सला (रसातल्या साखरेचं माप) येईस्तोवर रसाचा पीएच ३.६ वर जातो, म्हणजे आंबटपणा उतरतो, आणि वाइन मिळमिळीत लागते. जर्मनीतल्या मोझेल खोऱ्यातल्या रिस्लिंग द्राक्षांमध्ये थंड हवेमुळे मॅलिक आम्ल (सफरचंदात असतं ते) टिकतं. आपल्या उन्हात मणी ते श्वसनातच संपवतात. ती हिरव्या सफरचंदासारखी धार इथे हुबेहूब येणार नाही, हे मान्य. पण १९-२० ब्रिक्सला पहाटे तोडणी, रस १० अंशांवर रात्रभर निवळणं, १४-१५ अंशांवर आंबवणं, एवढं पुरेल का? टार्टारिक आम्ल (द्राक्षातलं दुसरं मुख्य आम्ल) लिटरला १ ग्रॅम टाकलं की पीएच साधारण ०.१ उतरतो, ते आंबवण्याआधीच घालता ना? पश्चिमेकडची पानं घडांवर तशीच ठेवावीत, की भुरी रोगाच्या धास्तीने थोडी विरळावीत? मॅलोलॅक्टिक (जिवाणू मॅलिकचं सौम्य लॅक्टिक आम्ल करतात ती क्रिया) तर रोखायचंच आहे. त्यासाठी वाइनमध्ये मोकळा सल्फर (सल्फर डायऑक्साइड) किती ठेवता?