भरती वेगळी, औषध वेगळं

'मनोरुग्णाला कोर्टाने भरती केलं की जबरदस्तीचं इंजेक्शन आलंच' असं म्हटलं जातं; हे न्यूयॉर्कपुरतं तरी चूक आहे. 1986च्या रिव्हर्स विरुद्ध कॅट्झ निकालापासून, तातडीचा धोका नसेल तर, सक्तीने दाखल केलेला रुग्णही औषध नाकारू शकतो. मग डॉक्टरांना वेगळा अर्ज करून, उपचाराबद्दल ठरवायची समज त्याला नाही, हे न्यायाधीशाला पटवावं लागतं. न्यूयॉर्क शहरातल्या बेलव्ह्यू रुग्णालयात तर कोर्टरूम आतच आहे. रुग्णाला सरकारी खर्चाने वकील मिळतो. औषधामुळे थरथरणारे हात, वाढलेलं वजन यावर डॉक्टरांची उलटतपासणी होऊ शकते. वेळ जातो, घरचे वैतागतात, पण मला हे योग्यच वाटतं.

आणि न्यूयॉर्कचाच तो बदनाम केंड्रा कायदा (1999)? तो घरी राहणाऱ्या मनोरुग्णांसाठी आहे; कोर्ट त्यांना उपचार घ्यायचा आदेश देतं. गोळ्या टाळल्या तर तपासणीसाठी 72 तासांपर्यंत रुग्णालयात ठेवता येतं; त्या आदेशावर जबरदस्तीने सुई टोचता येत नाही.