सातव्या महिन्यात जर्मनीला जायचंय, मधल्या महिन्याभराच्या विम्याचं काय? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

मला विसावा आठवडा चालू आहे. नवऱ्याला श्टुटगार्टला नोकरी लागली आहे, पुढच्या महिन्यात रुजू व्हायचंय. तो आधी जाईल, घर बघेल, आणि मी साधारण सत्ताविसाव्या आठवड्यात निघेन. त्यापेक्षा उशीर नको, कारण अठ्ठावीस आठवड्यांनंतर बऱ्याच विमान कंपन्या डॉक्टरांचं पत्र मागतात आणि छत्तिसाव्यानंतर सहसा बसूच देत नाहीत.

आम्ही गोरेगावला राहतो. मी घरी शिकवण्या घेते, त्यामुळे माझा स्वतःचा विमा नाही. नवऱ्याच्या इथल्या कंपनीच्या ग्रुप मेडिक्लेममध्ये बाळंतपणाला ७५ हजार मिळतात, पण त्याचा शेवटचा दिवस संपला की तेही संपलं. एचआरला दोनदा विचारलं, उत्तर तेच.

आईचा हट्ट, पहिलं बाळंतपण माहेरीच, गिरगावात. डिंकाचे लाडू, मालिशवाली बाई, सगळं तिने ठरवून टाकलंय. पण आमच्या नर्सिंग होमने नॉर्मलला ९० हजार आणि सिझर झालं तर दीड लाखाच्या वर सांगितलंय. बाळाला काचपेटीत ठेवावं लागलं तर रोजचे पैसे वेगळे. आता नवी पॉलिसी काढावी तर बाळंतपणासाठी ९ महिन्यांपासून ते ४ वर्षांपर्यंत थांबा. एक एजंट म्हणाला, "मॅडम, काढून ठेवा, पुढच्या वेळी उपयोगी पडेल." पुढच्या वेळी! इथे पहिलंच अजून पार पडायचंय.

जर्मनीचं मला जे कळलंय ते असं. तिथल्या सरकारी पद्धतीच्या विम्यात (क्रांकेनकासे) नवऱ्याच्या हप्त्यातच न कमावणारी बायको आणि मूल येतात, वेगळे पैसे नाहीत. आधीच गरोदर असलं तरी प्रतीक्षा काळ नाही. तपासण्या, प्रसूती, सिझर, सगळं त्यात. शिवाय हेबामे, म्हणजे सुईण, बाळंतपणानंतर घरी येऊन बाळाला आणि आईला बघते, तिचे पैसेही विमाच भरतो. (आईला हे सांगितल्यावर तिचा पहिला प्रश्न: "ती अंगाला तेल लावते का?")

घोळ इथे आहे. सरकारी विम्याची सक्ती ज्या वार्षिक पगारापर्यंत असते ती मर्यादा २०२५ साली ७३,८०० युरो होती. नवऱ्याचा पगार त्याहून बराच वर असल्याने त्याला खासगी विमाही घेता येतो, आणि तिकडचा सल्लागार तोच गळ्यात मारतोय, हप्ता कमी म्हणून. पण खासगीत माझा हप्ता वेगळा, माझी तब्येत तपासणार, आणि पोटात बाळ आहे म्हटल्यावर कोण घेणार? व्हिसासाठी एक स्वस्त पॉलिसीही सुचवली होती. बारीक अक्षरं वाचली तर आधीपासूनचं गरोदरपण त्यात नाहीच. नवऱ्याने ती न वाचता जवळजवळ सही केली होती, त्यावरून आमचं एक भांडणही झालं.

तेव्हा सरकारीच घ्यायचा हे माझ्या मनाने पक्कं आहे. अडलंय ते मधल्या महिन्याभरापाशी: नवऱ्याचा इथला विमा संपलेला, मी अजून मुंबईत. सासूबाई म्हणतात, "काही झालंच तर परळचं वाडिया आहे." त्यांची दोन्ही बाळंतपणं तिथलीच. तरी अवेळी काही उद्भवलं आणि जवळच्या खासगी रुग्णालयात धावावं लागलं तर?

ग्रुप पॉलिसीतून बाहेर पडताना त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं म्हणतात. कुणी गरोदरपणात असं केलंय का? आधीची वर्षं बाळंतपणाच्या प्रतीक्षा काळात धरली का, की तिथे पाटी कोरी? आणि जे जर्मनीत आहेत त्यांनी हे सांगा: माझा विमा मी तिथे उतरून पत्ता नोंदवला त्या दिवसापासून धरतात, की कार्ड हातात आल्यावर? इथले सोनोग्राफीचे आणि रक्ताचे रिपोर्ट तिथले डॉक्टर चालवून घेतात का? हेबामे लवकर मिळत नाही असं ऐकलंय, मुंबईतून फोन करून ठरवता येते का?

डोहाळजेवण कुठल्या तारखेला धरायचं हेही तिकिटावरच अडलंय, त्यामुळे जरा लवकर कळवाल तर बरं.