मदत हवी आहे: मामाच्या नकला अस्सल म्हणून विकल्या, पोलिसांचा कागद आलाय (इंदूर)

मंडळी, प्रकरण घरातलं आहे, म्हणून नावं देत नाही. कायदा किंवा चित्रांची तपासणी यातलं कळणाऱ्यांनी कृपया लिहा. गुरुवारपर्यंतच वेळ आहे.

माझा मामा ७४ वर्षांचा. रामबागेतल्या जुन्या घरात माडीवर एकटा राहतो, लग्न केलं नाही. देवळालीकर मास्तरांनी १९२७ साली इंदुरात जी चित्रशाळा काढली, जिथे बेंद्रे आणि हुसेन शिकले, तिथलाच तो, खूप नंतरचा विद्यार्थी. प्रदर्शन एकदाही भरवलं नाही. खाली उतरतो तो दिवाळीत आजीच्या फोटोला हार घालायला, एवढंच. हात बसावा म्हणून मोठ्या चित्रकारांच्या कॉपी करतो, अजूनही. प्रत्येकीच्या पाठीवर पेन्सिलीने 'नक्कल' आणि तारीख लिहितो. सही कधीच नाही.

त्याचा किराणा, औषधं, रंग माझा मावसभाऊ आणायचा. माडीची किल्लीही त्याच्याकडेच. त्याने चार चित्रं खाली नेली, त्यांवर एका दिवंगत नामवंताची सही उमटली आणि ती विकली गेली. घेणाऱ्याने तक्रार केली. भाऊ पंधरा दिवस बेपत्ता, फोन बंद.

आणि मामा म्हणतो, "मीच केलं म्हणून सांगतो. तिला शब्द दिलाय." ती म्हणजे माझी मावशी, आता नाही. मावशीचे यजमान तर सरळ म्हणाले, "याच्यामागे कोण आहे रडायला? पोराला दोन मुली आहेत." मी ताटावरून उठले. आयुष्यभर कुणाकडे काही मागितलं नाही म्हणून माणूस बळी द्यायला मोकळा होतो का?

कागदावर धारा १७९ आहे, म्हणजे सध्या साक्षीदार. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ६० वर्षांवरच्या पुरुषाला साक्षीसाठी राहत्या घराबाहेर बोलवता येत नाही, असं वाचलं. टीआय साहेबांना (ठाण्याच्या प्रमुखांना) तसा अर्ज कुणी दिला आहे का? दुसरं, सही नंतर टाकलेली आहे हे कसं सिद्ध होतं? पोलिसांनी दाखवलेल्या फोटोत चित्रांच्या पाठीवर नवा हार्डबोर्ड ठोकलेला दिसतो, पेन्सिलीची ओळ त्याखाली असणार.

प्रतिसाद: ताई, अर्ज आजच द्या, वयाचा पुरावा जोडा आणि पोच घ्या. पण ही सवलत साक्षीदाराला आहे. उद्या त्याच संहितेच्या धारा ३५(३) ची नोटीस आली तर ते आरोपीसारखं हजर राहणं असतं, तिथे हे वय चालत नाही. म्हणून वकील आत्ताच गाठा, अटकपूर्व जामिनाचंही विचारून ठेवा. मामांना समजवा, स्वतःला अडकवणाऱ्या प्रश्नाचं उत्तर द्यायची सक्ती नाही, आणि पोलिसांपुढच्या जबाबावर सही करायची नसते. सहीचं म्हणाल तर, वॉर्निशवर नंतर चढवलेला रंग अतिनील प्रकाशात बहुधा वेगळा, गडद दिसतो. भेगांमध्ये सहीचा रंग उतरला असेल तर भेगा आधीच्या, सही नंतरची. हार्डबोर्ड पंचांसमोरच उघडावा असं लेखी मागा. घरातल्या उरलेल्या चित्रांना हात लावू नका.

धागाकर्ती: खूप आभार. अर्ज दिला, पोच मिळाली. रात्री मामाच्या पेटीत रंगांच्या हिशेबाची वही सापडली. कुठल्या महिन्यात कशाची नक्कल, कुठला निळा किती लागला, सगळं त्याच्या बारीक अक्षरात. चारपैकी तीन चित्रं त्यात आहेत, चौथं शोधतेय. 'शब्द दिलाय' हे अजून सोडत नाही. पण वकील उद्या दहाला येणार म्हटल्यावर म्हणाला, "त्यांना वरच पाठव. वही मी दाखवेन."