आशाताईंनी प्रत्येक बाळंतिणीला मनाचे प्रश्न विचारणं सक्तीचं असावं का?

केतकीवन
दवाखान्यात बाळंतपण झालं की आशाताई घरी सहा वेळा येतात: ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी. बाळाचं वजन, ताप, नाळ, आईचा रक्तस्राव, सगळं पाहिलं जातं. माझं मत असं की याच भेटींत बाळंतपणानंतरचं नैराश्य ओळखणारी एडिंबरा प्रश्नावली सक्तीची करावी. गेल्या सात दिवसांबद्दल दहा प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण ३०. १३ किंवा त्याहून जास्त आले की डॉक्टरांकडे रेफर करायचं. ही प्रश्नावली १९८७ पासून वापरात आहे, मराठीतही आहे. गोव्यातल्या २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के आयांमध्ये नैराश्य आढळलं होतं. आणखी किती वर्षं नुसतं नाळेकडेच बघत बसायचं?

सह्यपायथा
विचारायला विरोध नाही, या पद्धतीला आहे.

पहिलं म्हणजे खोलीत कोण बसलंय? सासू उशाशी असताना "विनाकारण रडू येतं का?" विचारलंत तर दहाही उत्तरं शून्य येणार. आशाताई त्याच गावच्या, कित्येकदा त्याच भावकीतल्या. त्यांच्यासमोर मन मोकळं करणं सोपं नाही.

दुसरं, गणित. १०० बाळंतिणींत २० जणी आजारी धरा. चाचणी ८० टक्के आजारी ओळखते आणि ८५ टक्के निरोगींना बरोबर सोडते असं मानलं, तर १६ खऱ्या सापडतील आणि निरोगी ८० जणींमधल्या १२ जणींवर उगाच शिक्का बसेल. चौघी निसटतील त्या वेगळ्याच. "हिच्या डोक्यावर परिणाम झालाय" हे वाक्य एकदा सासरी पोचलं की मुलीला माहेरीच ठेवायला निमित्त मिळतं. उपचाराची सोय नसताना चाळणी लावणं म्हणजे तिला उघड्यावर आणून सोडणं.

धनेश
शिक्क्याचा मुद्दा मान्य. पण यंत्रणेवर ताण पडेल असं कोणी म्हणणार असेल तर तो बाऊ आहे. एक आशा साधारण १००० वस्तीला, म्हणजे वर्षाला पंधरा-सोळा बाळंतपणं. त्यात नैराश्य असलेल्या तीन-चार. सपाटीवरचं प्राथमिक आरोग्य केंद्र ३०,००० लोकसंख्येचं, म्हणजे वर्षाला साडेचारशेच्या आसपास जन्म. सह्यपायथा यांचेच आकडे (शंभरात १६ आणि १२ मिळून २८) धरले तरी चाळणीत अडकणाऱ्या सव्वाशे, आठवड्याला अडीच. एवढ्यांशी अर्धा तास बसून बोलणं उपकेंद्रावरच्या एका समुदाय आरोग्य अधिकाऱ्याला अशक्य नाही.

तुतीचं_झाड
मी तिसरी बाजू मांडते. सव्वा महिना हाच आपल्याकडचा उपचार आहे. मालीश, शेक, डिंकाचे लाडू, अळीव, चुलीपाशी जायचं नाही, आणि आई रात्री बाळ सांभाळते. तिसऱ्या दिवशी रडू येणं हा आजार नव्हे. निम्म्याहून जास्त बायकांना दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून तसं होतं, चौथ्या-पाचव्या दिवशी ते सर्वांत जास्त असतं आणि दोन आठवड्यांत आपोआप ओसरतं. ३ आणि ७ व्या दिवशी कागद पुढे केलात तर अर्ध्या गावाला रोगी ठरवाल.

केतकीवन
@तुतीचं_झाड, ३ आणि ७ व्या दिवसाबद्दल तुमचं बरोबर, ते मी मागे घेते. पण सव्वा महिन्यावर एवढा भार टाकू नका. तो बहुतेक करून पहिल्या बाळंतपणाला मिळतो. दुसरं सासरीच होतं, आणि पुन्हा मुलगी झाली की शेक-शेगडी सोडाच, बोलणं सुरू होतं. गोव्याच्या त्याच अभ्यासात गरिबी आणि नवऱ्याकडची मारहाण यांच्यासोबत मुलगी होणं हेही कारणांत पुढे आलं होतं. शिवाय बऱ्याच जणींचं नैराश्य पोटुशी असतानाच सुरू झालेलं असतं, म्हणून दर महिन्याच्या ९ तारखेच्या गरोदर मातांच्या तपासणीतही विचारायला हवं.

धनेश
यातली खरी फट कोणी बोलत नाहीये. नोंदणी सासरच्या गावात, बाळंतपण माहेरी. माहेरच्या आशाताई ४२ व्या दिवशी भेट संपवतात, मुलगी दोन-तीन महिन्यांनी सासरी परतते. तिथल्या आशाताईंच्या लेखी बाळंतिणीच्या भेटी संपलेल्याच असतात. आईचा हात सुटतो, घरकाम अंगावर येतं, कदाचित शेतात किंवा कामावर जायचं असतं, आणि नेमकं तेव्हाच आईची विचारपूस करायला कोणी येत नाही. लसीकरण मात्र चुकत नाही: दीड महिना, अडीच महिने, साडेतीन महिने. प्रश्न तिथे विचारा. बाळ परिचारिकेकडे, सासू रांगेत, आई पाच मिनिटं एकटी सापडते.

आणि दहा नव्हे, आधी दोनच: गेल्या महिन्यात वारंवार उदास किंवा निराश वाटलं का? आवडीच्या गोष्टींतला रस गेला का? एकाला जरी "हो" आलं तर मग समुदाय आरोग्य अधिकाऱ्याने दार लावून दहा प्रश्न. माझ्या मते याला जोडून एक साधा प्रश्न फार उपयोगी पडतो: बाळ झोपलेलं असताना तुम्हाला झोप लागते का? बाळामुळे जागरण सगळ्यांनाच असतं. बाळ गाढ झोपलंय, घर शांत आहे आणि तरी आईचा डोळा लागत नाही, तिथे थांबून पाहायचं. एडिंबरातला दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याबद्दल आहे. त्याला शून्याखेरीज काहीही आलं तर एकूण बेरीज कितीही असो, त्याच दिवशी डॉक्टरांपर्यंत.

सह्यपायथा
दोन प्रश्न, लसीकरणाचा दिवस, एकांत, इथवर मी तुमच्यासोबत. पण "हो" म्हणणाऱ्या बाईला देणार काय? १४४१६ या टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदत क्रमांकावर मराठीत बोलता येतं, पण कित्येक घरांत फोन नवऱ्याकडे असतो.

मोगरावेल
देण्यासारखं बरंच आहे, आणि सगळ्याला मानसोपचारतज्ज्ञ लागत नाही. आधी हिमोग्लोबिन आणि थायरॉइडची टीएसएच तपासा. रक्तक्षय आणि बाळंतपणानंतर बिघडलेली थायरॉइड हुबेहूब नैराश्यासारखी दिसतात. मग झोप: रात्री सलग चार-पाच तास. एक पाजणं काढून ठेवलेल्या दुधावर नवऱ्याने किंवा आजीने करायचं. हे घरच्यांना समोर बसवून, वेळ ठरवून सांगावं लागतं; "आराम करा" म्हणून भागत नाही. गोव्यात गावातल्याच प्रशिक्षित बायकांनी गरोदरपणापासून ६ ते १४ भेटी देऊन पाहिल्या, त्याचे निष्कर्ष २०१९ साली आले. फायदा झाला, पण माफक. म्हणून गंभीर आजारात गोळी टाळू नये. सर्ट्रालिन हे नैराश्यावरचं औषध दुधात फार कमी उतरतं, अंगावर पाजणं सुरू ठेवता येतं. परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे लागतात, आणि नेमकं तेवढ्यात "काही फरक नाही" म्हणून ती बंद केली जाते.

एक गोष्ट या वादाच्या बाहेर ठेवा. हजारात एक-दोघींना बाळंतपणानंतर, बहुधा पहिल्या दोन आठवड्यांत, तीव्र मनोविकृती होते. झोपेची गरजच वाटत नाही, असंबद्ध बोलणं, "हे बाळ माझं नाही" असा संशय. तिथे प्रश्नावली नको, भगताकडे फेरी नको, त्याच दिवशी रुग्णालय. ताप, जंतुसंसर्ग, झटके यांचीही तपासणी तिथेच होते. बाळ तिच्याजवळ एकटं ठेवू नका, पण तोडूही नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार उपचार घेणाऱ्या आईपासून तीन वर्षांखालचं मूल सहसा वेगळं करता येत नाही.

तुतीचं_झाड
@धनेश, लसीकरणाचं पटलं. मग उत्तरं माता-बाल संरक्षण कार्डावर लिहायची का? ते कार्ड बाळासोबत माहेरहून सासरी जातं, म्हणजे ती फटही बुजेल.

सह्यपायथा
तिथे मुळीच नको. ते कार्ड घरात सगळे वाचतात. कार्डावर फक्त पुढच्या भेटीची तारीख. गुण आणि उत्तरं केंद्राच्या नोंदीत, आणि सासरच्या केंद्राला ती कळवायची तर आधी त्या बाईला विचारून.